ओली थंडी आणि सायकलवरचे पाय

फिनलंडमधलं औलू हे शहर आर्क्टिक वर्तुळाच्या थोडंसंच खाली आहे. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान शून्याखाली ९ अंशांच्या आसपास असतं. तरीही लोक सायकलने कामावर जातात, आणि तिथल्या मेट्सोकांगस शाळेच्या आवारात भर बर्फात मुलांच्या शेकडो सायकली लागलेल्या दिसतात. हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली भरली तीही औलूतच. नेदरलँड्सचा हिवाळा त्यापुढे फारच मवाळ. ॲमस्टरडॅमला जानेवारीची सरासरी शून्याच्या वर ३-४ अंश असते आणि बर्फ पडलाच तर थोडे दिवस टिकतो. नुसते आकडे पाहिले तर पाय औलूत गारठायला हवेत. पण सायकलवरच्या पायांना जड जातो तो ॲमस्टरडॅमचा ३ अंशांचा, झिमझिम पावसाचा दिवस. हिवाळ्यात सायकलने कामावर जाण्याबद्दल जे काही सांगितलं जातं, विकलं जातं आणि लोक आपापसांत सुचवतात, ते सगळं या एका गोष्टीच्या कसोटीवर घासून पाहावं असं मला वाटतं.

गोष्ट पाण्याची आहे. उणे १० अंशांत बर्फ कोरडा असतो. बुटावर पडला तर झटकून टाकता येतो, मोज्यापर्यंत पोचत नाही. शून्याच्या वरखाली तोच बर्फ अर्धवट वितळतो, चाकाखालून उडतो, बुटात शिरतो. मोज्यात ऊब टिकते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हवेची जागा पाण्याने घेतली की मोजा कितीही जाड असो, त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

हा प्रश्न आता मराठी घरांनाही लांबचा राहिलेला नाही. आइंडहोवन, ॲम्स्टेलवेन, डब्लिन, बर्लिन, टोरोंटो या शहरांत नोकरीसाठी किंवा शिकायला गेलेली आपली मुलं पोचल्यावर थोड्याच दिवसांत सायकल घेतात. पायात पुण्या-मुंबईहून नेलेले जाळीचे स्पोर्ट्स शूज आणि सुती मोजे असतात. मुसळधार पावसात सायकल चालवण्याचा त्यांना सराव असतो, पण तो पाऊस कोमट असतो. आपल्याकडे पावसाळाभर पाय ओले राहिले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खाज सुटते, फार तर मलम लावावं लागतं. ४ अंशांत तसेच ओले पाय घेऊन अर्धा तास सायकल मारली की बोटं बधिर होतात. त्याच ओल्या बुटांत आठ तास बसलं तर प्रकरण आणखी पुढे जाऊ शकतं.

पाय गारठतात कसे हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढची खरेदी बरीच सोपी होते. शरीराला थंडी वाजली की ते आधी धड आणि डोकं सांभाळतं. हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. पायाची बोटं आणि तळवे यांत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या उघड्या असल्या की पायात भरपूर गरम रक्त खेळतं, मिटल्या की फारच थोडं. पावलात स्वतःची ऊब तयार करतील असे मोठे स्नायू नसतात. पायाला मिळणारी ऊब मुख्यतः वरून, रक्तातून येते. सर थॉमस लुईस या ब्रिटिश हृदयतज्ज्ञाने १९३० साली गार पाण्यात बुडवलेल्या बोटांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांना दिसलं की आकसलेल्या वाहिन्या काही मिनिटांनी आपोआप उघडतात, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. गारठलेल्या बोटांत मध्येच धग आल्यासारखं वाटतं ते यामुळे. पण ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही, आणि सगळं अंगच काकडलेलं असेल तर ती आणखी कमी होते.

म्हणून पाय गार पडतात अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारीन की पोटऱ्यांवर काय घातलं आहे. पावलाकडे जाणारं रक्त गुडघ्यावरून आणि घोट्यावरून जातं. घोट्याला चरबी जवळजवळ नसते, वाहिन्या कातडीलगत असतात. वर जाड जॅकेट, खाली एकेरी सुती पँट, पँट आणि बूट यांच्यात उघडा घोटा, असा पोशाख केला तर रक्त पावलात पोचेपर्यंतच निवतं. विजारीखाली लोकरी किंवा थर्मल लेगिंग आणि घोट्याच्या वर चढणारा मोजा एवढ्यानेच कितीतरी फरक पडतो. बुटांवर खर्च करण्याआधी हा बदल करून पाहावा.

सायकल पायांना इतर व्यायामांपेक्षा जास्त गारठवते त्यालाही कारण आहे. चालताना पाऊल वाकतं, उलगडतं, त्यातले लहान स्नायू काम करतात, प्रत्येक पावलागणिक रक्त वर ढकललं जातं. सायकलवर काम मांड्या आणि पोटऱ्या करतात. पाऊल ताठ राहतं आणि चवडा सतत पेडलवर दाबलेला असतो. वर समोरून वारा. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल, हवा स्तब्ध असली तरी, स्वतःचा २० किलोमीटरचा वारा तयार करते. अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून वाऱ्यासह जाणवणारी थंडी मोजायला जे सूत्र वापरतात, त्याप्रमाणे शून्य अंशांत हा वारा उणे ५ इतका झोंबतो आणि उणे १० अंशांत उणे १८ इतका. हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे, बुटातल्या पायासाठी नाही. पण बुटाचा पुढचा भाग जाळीचा असेल तर वारा बोटांपर्यंत सरळ पोचतो. उन्हाळ्यात पाय गार ठेवण्यासाठी केलेली ही जाळी हिवाळ्यात सायकलवर सर्वांत त्रासदायक ठरते. काही जण बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागावर चढवायची टोपी वापरतात, काही जण जाळीवर आतून चिकटपट्टी लावतात. कोरड्या दिवसांना दोन्ही उपाय पुरतात.

आता ओलाव्याकडे. बुटात पाणी चार वाटांनी येतं: आकाशातून, पँटवरून ओघळून, पुढच्या चाकावरून उडून आणि आतून घामाने. लोक सगळ्यात जास्त विचार पहिल्या वाटेचा करतात, पण रोजच्या प्रवासात तिचा वाटा लहान असतो. नेदरलँड्ससारख्या पावसासाठी प्रसिद्ध देशातही प्रत्यक्ष पाऊस पडत असतो तो एकूण वेळाच्या साधारण सात-आठ टक्केच. तिथले लोक निघण्याआधी फोनवर पावसाचा रडार पाहतात आणि दहा मिनिटं थांबून सर जाऊ देतात. पाऊस थांबला तरी रस्ता मात्र तासन्तास ओला राहतो. तो ओला रस्ता पायांवर उडवायचं काम पुढचं चाक करतं.

पुढच्या चाकाचं मडगार्ड बहुतेक सायकलींवर आखूड असतं. ते सायकलस्वाराच्या तोंडावर उडणारं पाणी अडवतं, पण चाकाच्या खालच्या भागातून मागे फेकलं जाणारं पाणी थेट पेडलवरच्या बुटांवर येतं. उपाय अगदी साधा आहे. मडगार्डच्या मागच्या टोकाला रबराची रुंद झडप लावायची, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकी लांब. दुकानात मिळते, नाहीतर जुन्या ट्यूबचा किंवा प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा कापून दोन स्क्रूंनी बसवता येते. फुटपाथच्या कडेवर चढताना ती घासते, म्हणून कडक नको, वाकणारी हवी. पाय कोरडे ठेवण्याच्या सगळ्या उपायांत इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक दुसरा मला माहीत नाही. तरी बुटांच्या जाहिरातींच्या गर्दीत त्याच्याकडे लक्ष जात नाही. पारंपरिक डच सायकलीला पूर्ण मडगार्ड, बंदिस्त चेनकव्हर आणि रुंद सपाट पेडल असतात. अशी सायकल चालवणारा माणूस ऑफिसच्या बुटांत कोरडा पोचतो तेव्हा त्याचं बरंचसं श्रेय सायकलीच्या या रचनेला जातं.

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या शहरांत आणखी एक अडचण असते. मीठ बर्फ वितळवतं आणि घसरण कमी करतं, पण मिठाचं पाणी शून्याखालीही गोठत नाही. मिठाचं संपृक्त द्रावण गोठायला उणे २१ अंश लागतात. म्हणजे उणे ५ अंशांच्या सकाळी रस्त्यावर उणे ५ अंशांचं पाणी असू शकतं, आणि तेच बुटावर उडतं. शिवाय मिठाने चामडं कडक होऊन तडकतं, शिवणी कुजतात. औलूत मुख्य सायकलमार्गांवरचा बर्फ कामाच्या वेळेआधी दाबून सपाट केला जातो, घसरू नये म्हणून खडी टाकली जाते, आणि त्या घट्ट कोरड्या बर्फावरून लोक जातात. कोपनहेगनमध्ये मिठाचा वापर आहे, पण तिथे गाड्यांच्या रस्त्यांआधी सायकलमार्ग साफ होतात, त्यामुळे त्या चिखलातून फार जावं लागत नाही. स्टॉकहोमने बर्फ ब्रशने झाडून मग मिठाचं पाणी शिंपडण्याची पद्धत काही मुख्य मार्गांवर आणली आहे. सायकलस्वाराचे पाय कोरडे राहणार की नाही हे अर्ध्याहून अधिक नगरपालिका ठरवते असं माझं मत आहे. बर्फ रस्त्यावरून ढकलून सायकलमार्गावर ढीग रचणाऱ्या शहरात जगातला कुठलाही बूट पुरा पडत नाही.

चौथी वाट घामाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तळव्याला घामाच्या ग्रंथी भरपूर असतात. घरातल्या हीटरच्या उबेत जाड मोजे आणि बूट चढवून दहा मिनिटं डबा भरत राहिलं तर बाहेर पडण्याआधीच मोजे दमट होतात. मग पाय गार पडले की माणूस म्हणतो, बूट गळतो वाटतं. मोजे आणि बूट दारातून निघताना शेवटच्या क्षणी घालावेत. बूट मात्र रात्री घरात ठेवावेत. बाल्कनीत किंवा सायकलच्या खोलीत रात्रभर गारठलेला बूट पायाची सगळी ऊब आधी स्वतःला लावून घेतो.

मोज्याच्या बाबतीत फार वाद उरलेला नाही. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा धाग्याच्या आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी उष्णताही सोडते. तिचा धागा मुळात कुरळा असल्यामुळे भिजल्यावरही सपाट होत नाही, आत हवा राहते. दख्खनच्या माळावर पावसात मेंढरं घेऊन उभा राहणारा धनगर घोंगडी पांघरतो ती याच गुणावर. मेंढीची जात वेगळी, धागा जाडाभरडा, पण तत्त्व तेच. पायांसाठी मऊ मेरिनो लोकर बरी. तिला वासही लवकर येत नाही, हे ऑफिसात महत्त्वाचं. शुद्ध लोकर लवकर झिजते म्हणून त्यात नायलॉन मिसळलेलं असतं, ते चांगलंच.

मोजा जाड किती असावा याबद्दल मात्र गैरसमज आहे. गारठा लागतो म्हणून नेहमीच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, मोज्यातली हवा दाबली जाते, रक्त अडतं आणि पाय आधीपेक्षा लवकर बधिर होतात. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५च्या हिवाळ्यात, फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सडले. त्यावेळी भारतीय फौजाही तिथे होत्या. गोठण्याइतकी थंडी नसतानाही पाय निकामी होतात हे तिथे सगळ्या जगाने पाहिलं. ओलावा, गारठा आणि तासन्तास एका जागी उभं राहणं ही कारणं होतीच, पण घट्ट बूट आणि पोटरीभोवती आवळलेल्या पट्ट्यांनीही भर घातली. उपाय म्हणून व्हेलच्या तेलाचा लेप, मोजे वारंवार बदलणं आणि पायांची रोजची तपासणी सक्तीची झाली. सायकलसाठी त्यातून घ्यायचं ते हे: हिवाळ्याचा बूट एक नंबर मोठा घ्यावा, बोटं आत हलली पाहिजेत, नाडी सैल हवी.

बुटांचा इतिहास म्हणजे पाणी अडवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. रबर टिकाऊ करण्याची चार्ल्स गुडइयरची पद्धत पादत्राणांना लावून हायरम हचिन्सन या अमेरिकनाने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. तिथला शेतकरी तोवर लाकडी खडावांत शेतात उतरत होता. फिनलंडमध्ये १८९८ साली रबराचा कारखाना निघाला, आणि १९६७ साली तो ज्या कंपनीत विलीन झाला ती पुढे फोनसाठी जगभर गाजलेली नोकिया. तिथल्या कित्येक पिढ्या नोकियाचे गमबूट घालून शाळेत गेल्या. अमेरिकेच्या मेन राज्यात लिऑन लिओनवुड बीन याने शिकारीत पाय भिजतात म्हणून १९१२ साली रबराचा तळ आणि चामड्याचा वरचा भाग एकत्र शिवला. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० जोड्या शिवण फाटून परत आल्या. त्याने पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारला, आणि तो बूट आजही विकला जातो. खाली रबर, वर श्वास घेणारं चामडं किंवा कापड आणि आत काढता येणारं नमद्याचं अस्तर, ही कॅनडात घरोघरी असलेल्या बुटाची रचना त्याच विचारातून वाढली. सपाट पेडलवर रोजच्या प्रवासासाठी मला तीच सगळ्यात शहाणपणाची वाटते.

श्वास घेणाऱ्या पडद्याचं पर्व नंतरचं. १९६९ साली बॉब गोअर यांनी तापवलेलं टेफ्लॉन झटक्याने ताणलं आणि बारीक छिद्रांचा पडदा मिळाला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, वाफ बाहेर जाते. जॅकेटमध्ये हे चांगलं चालतं. बुटात मर्यादा येतात. पायाजवळ वाफ ढकलायला लागणारी उष्णता कमी असते, आणि बाहेरचं कापड पाणी पिऊन बसलं की वाफेची वाट अडते. शिवाय पाणी वरून, घोट्याकडून आत शिरलं तर तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही, आणि बूट दोन दिवस वाळत नाही. फ्लोरिनयुक्त रसायनांवरच्या आक्षेपांमुळे कंपन्या आता वेगळ्या प्लास्टिकच्या पडद्यांकडे आणि लेपांकडे वळत आहेत. हलक्या पावसाला असे बूट उत्तम, तासभराच्या मुसळधारेला नाही.

जलरोधक मोज्यांचंही तसंच. दोन विणींच्या मध्ये पडदा असतो, त्यामुळे साध्या बुटात घातले तरी पाय कोरडे राहतात, तेही वरचं तोंड कोरडं असेपर्यंत. नडगीवरून ओघळलेलं पाणी वरून आत उतरलं की मोजाच पाण्याची पिशवी होतो. त्यासाठी पावसाळी पँट मोज्याच्या आणि बुटाच्या बाहेरून, खाली टाचेपर्यंत आली पाहिजे. हा क्रम उलटा करून पँट बुटात खोचणारे बरेच असतात आणि मग बुटाला दोष देतात.

खास सायकलचे बूट वापरणाऱ्यांची अडचण तळाशी असते. पेडलला अडकणारी धातूची क्लीट तळव्याच्या बरोबर खाली बसते, उष्णता पेडलकडे वाहून नेते, आणि तिच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी वर येतं. बुटावर चढवायच्या निओप्रीनच्या कव्हरला तळाशी क्लीटसाठी भोक ठेवावंच लागतं. निओप्रीन पाणी पूर्ण अडवत नाही. त्याच्या फेसातल्या बंद बुडबुड्यांमुळे पाय ओले झाले तरी उबदार राहतात, पाणबुड्याच्या पोशाखात राहतात तसे. मिनेसोटासारख्या ठिकाणच्या कंपन्या आतून अस्तर असलेले हिवाळी सायकल बूट बनवतात. ते चांगले असतात, पण किंमत २०० डॉलरच्या पुढे. कामाचं ठिकाण पाच-सात किलोमीटरवर असेल तर क्लीटचा हट्ट हिवाळ्यापुरता सोडावा, प्लास्टिकचे रुंद सपाट पेडल बसवावेत आणि चालायचे हिवाळी बूटच घालावेत. बुटाच्या आत नमद्याचा किंवा लोकरीचा जाड सोल टाकला की खालून येणारा गारठा बराच अडतो.

प्लास्टिकच्या पिशवीबद्दल दोन वेगवेगळे सल्ले मिळतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. ब्रेडची रिकामी पिशवी मोज्याच्या बाहेरून घातली तर बाहेरचं पाणी अडतं. पातळ मोज्यावर पिशवी, तिच्यावर लोकरी मोजा आणि मग बूट असं केलं तर घाम लोकरीपर्यंत पोचत नाही, लोकर कोरडी आणि उबदार राहते. दुसऱ्या तत्त्वावर अमेरिकी सैन्याने कोरियाच्या युद्धाच्या काळात रबराच्या दोन थरांमध्ये लोकर आणि हवा बंद केलेले मोठे बूट तयार केले. अलास्कात आजही काही सायकलस्वार ते वापरतात. पायाची कातडी मात्र त्यात स्वतःच्या घामाने ओली राहते. चाळीस मिनिटांना हे चालतं. दिवसभर तसंच राहिलं तर चिखल्यांना आमंत्रण.

बुटात ठेवायच्या गरम पुड्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तापते. घट्ट बंद बुटात हवा कमी असल्याने ती फारशी तापत नाही. बॅटरीवरचे मोजे चालतात, पण बॅटरी पोटरीला बांधून रोज चार्ज करत बसणं थोड्यांनाच जमतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र या दोन्ही गोष्टी उघड्या कातडीला लागू देऊ नयेत. भाजलं तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम भरायला वेळ लागतो. आपल्याकडे मधुमेहाचं प्रमाण पाहता हा इशारा परदेशी गेलेल्या मराठी मुलांच्या आईवडिलांसाठीही आहे. ते हिवाळ्यात मुलांकडे राहायला जातात आणि सायकलही चालवतात.

साध्या नोकरदाराचा प्रवास वीस ते चाळीस मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात पाय ओले झाले तरी बिघडत नाही, ते गार पडता कामा नयेत आणि पोचल्यावर कोरडे झाले पाहिजेत. याची जबाबदारी ऑफिसच्या टेबलाच्या खणावर टाकावी. तिथे मोज्यांचे दोन जोड आणि एक साधा बूट कायमचा असावा. पाय पुसून मोजे बदलले की दिवस सुखाचा जातो. ओले बूट वाळवायला वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत. इनसोल काढून वेगळा वाळवावा. रेडिएटरवर बूट ठेवला की चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बालवाड्यांत मुलांचे ओले कपडे-बूट वाळवायला उबदार हवेची कपाटं असतात. सायकलने येणाऱ्यांसाठी आंघोळीची सोय केल्याचं अभिमानाने सांगणाऱ्या कंपन्यांनी असं एक कपाट ठेवलं तर त्याचा उपयोग जास्त लोकांना होईल.

वाटेत बोटं बधिर झालीच तर सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. उतरावं आणि सायकल हातात धरून दोन-तीन मिनिटं झपाझप चालावं. पाऊल वाकायला लागलं की रक्त परत येतं. पोचल्यावर बधिर पाय कढत पाण्यात घालू नयेत, चोळूही नयेत. उबदार खोलीत, कोरड्या मोज्यात हळूहळू गरम होऊ द्यावेत. नंतर बोटांवर लाल-जांभळे, खाजणारे, दुखरे चट्टे उठले तर ते गारठ्याचे चट्टे असतात, बहुधा दोन-तीन आठवड्यांत जातात. बोटं पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होत असतील आणि असं वारंवार घडत असेल, तर मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली वर्णन केलेला विकार असू शकतो, आणि मग मोज्यांच्या आधी डॉक्टर गाठावा.

इथपर्यंतचं सगळं ज्याला टेबलाचा खण आहे त्याच्यासाठी. पण आज युरोप आणि कॅनडातल्या शहरांत हिवाळ्यात सायकलवर सर्वांत जास्त वेळ काढणाऱ्यांत जेवण पोचवणारी मुलं आहेत, आणि त्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. दिवसा वर्ग, संध्याकाळी डिलिव्हरी. त्यांचा प्रवास चाळीस मिनिटांचा नसतो, पाच-सहा तासांचा असतो, तोही तुटक. जिना चढून घाम येतो, मग हॉटेलच्या दाराशी ऑर्डरची वाट बघत उभं राहावं लागतं. सायकल बहुधा बॅटरीची, म्हणजे पाय फारसे फिरवायचे नाहीत आणि ऊबही तयार होत नाही. पायात तेच जाळीचे बूट, कारण पहिल्या सत्राची फी भरून झाल्यावर हिवाळी बुटांना पैसे उरलेले नसतात. थोडा वेळ ओले राहिलेले पाय आणि सहा तास ओले राहिलेले पाय यांत वैद्यकीय फरक आहे. शून्याच्या वरच्या तापमानातही तासन्तास ओला गारठा लागला तर पायाच्या नसांना इजा होते. जळजळ, सुन्नपणा आणि थंडी सहन न होणं हे परिणाम महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतात. खंदकांतल्या सैनिकांना जे झालं त्याचंच हे सौम्य रूप, आणि आता ते पाठीवर चौकोनी पेटी घेतलेल्या विशीतल्या मुलाला होऊ शकतं.

त्याच्यासाठी सल्ला बदलतो. प्लास्टिकच्या पिशवीची युक्ती त्याने दिवसभरासाठी वापरू नये. नमद्याचं अस्तर निघणारा, एक नंबर मोठा, रबरी तळाचा बूट घ्यावा. कॅनडात तो जुन्या वस्तूंच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतो. अस्तरांचे दोन जोड ठेवावेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो. लोकरी मोज्यांचे दोन जोड पिशवीत घट्ट बांधून सोबत न्यावेत आणि दर दोन तासांनी बदलावेत. मोजे बदलायला मात्र बसायला जागा लागते. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने २०२१ साली केलेल्या नियमांमुळे पुढच्या वर्षापासून तिथल्या रेस्टॉरंटना ऑर्डर न्यायला आलेल्या माणसाला स्वच्छतागृह वापरू द्यावं लागतं. नियम पायांसाठी केलेला नाही, पण मोजे बदलायला आडोसा त्यातून मिळतो. ज्या शहरात असा नियम नाही तिथे रेल्वे स्टेशन, सार्वजनिक वाचनालय आणि विद्यापीठाची इमारत या तीन जागा मुलांनी आधीच हेरून ठेवाव्यात. त्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांनी दिवाळीच्या फराळाबरोबर नव्याने आलेल्या मुलांसाठी जुन्या हिवाळी बुटांचं एक खोकं ठेवलं, तर नोव्हेंबर संपायच्या आत ते खोकं रिकामं होईल.